जुन्या बंधाऱ्यावरच्या आपाबाई

ईशान आणि रेवा,

रविवारी फोनवर ईशानने सांगितलेली हकीकत ऐकून तुमचे बाबा पोट धरून हसले. मी हसले नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिकडे न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर, कमरेएवढ्या पाण्यातल्या खडकांपाशी, ईशानच्या गळाला एकामागून एक मोठे स्नॅपर मासे लागले आणि दर वेळी दोरा खडकावर घासून तुटला. "आजीला विचार," बाबा म्हणाले, "बीड जिल्ह्यात समुद्र कुठे ठेवू नि कुठे नको असं झालंय!"

समुद्र आमच्याकडे नाही, कबूल. उन्हाळ्यात तर नळाचीही वाट बघावी लागते. शिवाय आपलं घर लिंगायत वाण्याचं. या स्वयंपाकघरात कांदा येतो, लसूण येतो, अंडं येत नाही. मी जन्मात मासा चाखलेला नाही. तरीही उथळ पाण्यातल्या दगडांमधून मोठा मासा कसा काढायचा, हे मला चांगलं ठाऊक आहे. फोनवर मी ते सांगितलं नाही, कारण ते ज्ञान माझं नव्हे, एका बाईंचं आहे. त्यांना बाजूला ठेवून नुसती युक्ती सांगितली असती तर त्यांनी वरून माझा कान धरला असता. म्हणून लिहायला बसले. सावकाश वाचा. रेवाने अडलेला शब्द ईशानला विचारावा, ईशानने बाबांना.

त्यांचं नाव मेहरुन्निसा. नेकनूरला आपल्या घराच्या पलीकडच्या गल्लीत राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. मोहल्ल्यात त्या 'आपा', शाळेत सगळ्या शिक्षिकांसारख्या 'बाई'. पोरांनी दोन्ही एकत्र करून 'आपाबाई' केलं आणि मग सगळं गाव तेच म्हणू लागलं. मी आपाच म्हणायचे. त्या मला, मी बीडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे म्हणून, 'प्रोफेसर' म्हणायच्या. रागावल्या की 'गिरजा'.

निवृत्त झाल्यावर लोक देवाधर्माला लागतात. आपा नमाज आधीपासूनच चुकवत नव्हत्या, त्यामुळे त्यांना नवीन काहीतरी हवं होतं. यजमान लवकर गेलेले, एकुलती मुलगी हैदराबादला सासरी. एके दिवशी बाजारातून त्या गळ घेऊन आल्या. "घरात मला कुणी गप्प बसा म्हणणारं न्हाई, गिरजा," मला एकदा म्हणाल्या, "आन् मी कुणाला म्हणावं असंही कुणी न्हाई. घरची शांतता नुसती अंगावर येते. तळ्यावरची कामाला येते."

गावाबाहेरच्या तलावात जुना दगडी बंधारा बुडालेला आहे. तलाव होण्याआधी तिथे ओढा होता, त्यावरचा तो बंधारा. पावसाळ्यात तो दिसत नाही. होळीनंतर पाणी उतरत गेलं की काळे, शेवाळलेले दगड गुडघाभर, कमरेभर पाण्याखाली येतात. मोठमोठे रोहू ते शेवाळ खायला तिथे जमतात. मोठा मासा आणि थोडं पाणी! सगळ्या गावाला वाटायचं, आता काय, हात घालून काढावा. पण गळाला लागला की रोहू सरळ दगडांच्या फटीत घुसतो, दोरा दगडाच्या धारेवर घासतो आणि माणसाच्या हातात नुसती काठी उरते. ईशान, ओळखीचं वाटतंय ना?

डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं, म्हणून एका सकाळी मी आपांबरोबर निघाले. हातात पुस्तक, अंगावर लाल काठाची इरकल. तळं दिसायला लागलं तशा आपा थांबल्या आणि त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही साडी बघून मासा लातूरला जाईल."

"मग काय करू? घरी जाऊ?"

"माझी चादर घे, पांघर. चप्पल काढ. पाय आपटत चालू नको, भुईला हादरा बसला की पाण्याला कळतो. आन् सावली मागं पडली पाहिजे, पाण्यावर न्हाई. बांगड्या?"

"बांगड्या मी काढत नाही, आपा. तुमचे भाऊजी धडधाकट आहेत."

"राहू दे धडधाकट. काढ कोण म्हणतंय?" असं म्हणून त्यांनी माझ्या दोन्ही मनगटांवर रुमाल घट्ट बांधले, जखम झाल्यासारखे. मग स्वतः काळ्या बुरख्यात एका काळ्या दगडावर अशा बसल्या की दगड कुठे संपतो आणि आपा कुठे सुरू होतात ते कळेना. "पाणी जेवढं उथळ, तेवढं तोंड बंद," एवढं बोलून त्या गप्प झाल्या. उभा जन्म वर्गात ओरडण्यात गेलेली ही बाई. त्या सकाळी ती दुपारपर्यंत एक अक्षर बोलली नाही. परतीच्या वाटेवर मात्र तळ्याचा बांध ओलांडल्याबरोबर जी सुरू झाली, ती माझ्या दारात पोचेपर्यंत थांबली नाही.

आपांना काटेरी मासा आवडत नसे. रोहूला काटे पुष्कळ. म्हणजे धरायचा त्यांनी आणि खायचा मोहल्ल्याने. आल्या आल्या तुकडे करून घरोघर वाटायच्या. पण एका घराला वाटा द्यायचा आणि दुसऱ्याला नाही, हे त्यांच्या गणितात बसत नव्हतं. आपल्या घरी तर मासा चालत नाही. मग त्यांनी तोड काढली. जेवढ्या वजनाचा मासा, तेवढ्या वजनाचं फळ आमच्याकडे. दिवाळीच्या सुमाराला सीताफळं, एरवी पेरू, पपई, जे बाजारात असेल ते. फळवाला गफूर त्यांचाच विद्यार्थी, तो मासा एका पारड्यात आणि फळं दुसऱ्या पारड्यात टाकायचा. परिणाम असा झाला की तुमचे आजोबा दुकानातून आल्यावर विचारायचे, "आज आपांना किती पपयांचा मासा लागला?" एकदा वाटीभर बोरं आली. आजोबा म्हणाले, "आज बहुतेक मासळीचं पिल्लू पाय घसरून पडलं असेल."

आजोबांवरून आठवलं. माशाचं आमिष तयार व्हायचं ते आपल्या स्वयंपाकघरात. कारण शेंगदाण्याची पेंड आपल्या दुकानातली, आणि आपांचा मिक्सर बिघडलेला. पेंड भाजायची, त्यात ज्वारीचं पीठ, चिमूटभर बडीशेप, थोडा गूळ, आणि घट्ट मळून लिंबाएवढे गोळे करायचे. हे सगळं सोज्वळच होतं, म्हणून मी आक्षेप घेतला नाही. एक दिवस ते गोळे ताटलीत झाकून ठेवले होते. दुपारी आजोबा जेवायला आले आणि मी बाहेर येईपर्यंत दोन गोळे संपवून, तिसरा हातात घेऊन, प्रसन्न मुद्रेने बसले होते.

"लाडू चांगले झालेत, गूळ जरा कमी पडला," ते म्हणाले.

आपा दारातच उभ्या होत्या. मला वाटलं, आता या बाई हसून हसून खाली बसतील. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "भाऊजी बरोबर म्हणतेत, प्रोफेसर. गूळ वाढव." गूळ वाढवला. त्या आठवड्यात आपल्या घरी पपयाच पपया झाल्या. तेव्हापासून नवीन घाणा केला की आपा पहिला गोळा आजोबांकडे चव बघायला पाठवायच्या. तेही चष्मा वर करून, चघळून, मत द्यायचे. पंचवीस वर्षं किराणा दुकान चालवलेल्या माणसाचा असा सन्मान दुसऱ्या कुणी केला नव्हता.

आता ईशानसाठी त्यांची पद्धत सांगते, माझ्या शिस्तीने, क्रमाने.

चारा आधी टाकायचा, पण मूठभर. पोट भरायचं नाही, भूक चाळवायची. वारा जिकडून येतो तिकडून टाकायचा, म्हणजे तो आपोआप दगडांकडे वाहत जातो आणि मासा दगडांमधून बाहेर, चाऱ्याच्या दिशेने सरकतो. गळाला शिसं बांधायचं नाही. उथळ पाण्यात शिसं डुबकन आवाज करून पडतं. आमिष आपल्याच वजनाने, वरून पान पडावं तसं, हळू खाली गेलं पाहिजे. तरंगायला मोरपिसाची काडी. आपल्याकडे मोर काय, रानात पिसं टाकून जातात. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचं. घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. आणि दोरा. दोरा बारीक असला तरी चालेल, पण गळाजवळचा शेवटचा वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढा, तुकडा जाड हवा, कारण दगडावर घासतो तो तेवढाच. दोन्हींची गाठ ओली करून मगच आवळायची, कोरडी गाठ दोऱ्याला जाळते. बाकीचे लोक तोंडात धरून ओली करतात. रमजानमध्ये आपा ती तळ्याच्या पाण्यात बुडवायच्या.

दोरा गुंडाळायला त्यांच्याकडे पतंगाची लाकडी फिरकी होती. सुताराकडून त्यांनी ती काठीच्या बुडाशी बसवून घेतली होती. जावयाने आखातातून येताना चकचकीत परदेशी चक्र आणून दिलं होतं, ते कपाटात. "करकर वाजतं. मी काय उसाचा रस काढायला बसले?" फिरकी मात्र आवाज करत नसे.

पण फिरकी आली की पतंग आला, आणि पतंग आला की ढील आली. आपल्या भागात संक्रांतीला ज्याने कधी गच्चीवर पाय ठेवला असेल त्या प्रत्येकाच्या रक्तात ती आहे. ताण आला, दे ढील! त्यामुळे तळ्यावर कुणाच्याही गळाला मोठा मासा लागला की त्याचा हात आपोआप दोरा सोडायचा. खोल पाण्यात ते चालतं. बंधाऱ्यावर पहिली ढील दिली की मासा दगडात गेलाच. आपा या शब्दावर खवळायच्या. "पहिल्या झटक्याला जो ढील देतो, तो मासा धरत न्हाई, माशाला घरी सोडतो. त्याचं डोकं वर घे आधी! काठी आडवी कर, बाजूला खेच, उघड्या पाण्याकडं वळव. एकदा दगड मागं राहिले की मग पळू दे त्याला काय पळायचं ते." शाळेतही त्यांचं तेच होतं. गृहपाठात ढील नाही, पाढ्यांत ढील नाही.

त्यांच्या शाळेत ज्यांना ढील मिळाली नव्हती त्यांतलाच एक किसन. गणितापायी दोनदा त्याच इयत्तेत बसलेला. पुढे तो राजकारणाच्या कडेकडेने मोठा झाला, किसनबप्पा झाला, आणि तलावातल्या मासेमारीचा ठेका त्याने घेतला. गळ्यात तुळशीची माळ. स्वतः मासा खात नाही, नुसता विकतो. ठेका घेतल्यावर थोड्याच दिवसांत त्याने बांधावर येऊन जाहीर केलं की जुन्या बंधाऱ्यावर कुणीही गळ टाकायचा नाही. कुणीही म्हणजे आपाबाईंनीसुद्धा.

आपा मला घेऊन त्याच्याकडे गेल्या. तो खुर्चीवरून उठला, त्यांच्या पाया पडला, आणि आपल्या शब्दावरून तसूभरही हलला नाही.

"बाई, राग मानू नका. तुमचे ते गळवाले दोरा तोडून घेतेत. मासा तोंडात गळ घिऊन आन् मागं हातभर दोरा घिऊन फिरतो. तो माज्या जाळ्यात आला की जाळं फाटतंय. परवा माज्या भोयाच्या पंजात गळ घुसला. आरपार."

"तो गळ माझा न्हाई."

"कशावरून?"

आपा गप्प झाल्या. मी त्यांना पाण्याखेरीज इतर कुठे गप्प झालेलं पहिल्यांदाच पाहत होते. गणिताच्या बाईंकडे सिद्धता मागितली होती आणि त्यांच्याकडे ती नव्हती.

"माझा दोरा तुटत न्हाई, किसन."

"सगळेच म्हनतेत, बाई. मोठा मासा त्या दगडातून दोरा न तुटता काढून दाखवा, माज्या डोळ्यादेखत. निघाला तर बंधारा तुमचा. तुटला तर काठी घरी ठिवायची. बोला."

घरी येताना त्या संथ चालत होत्या. मी म्हटलं, "आपा, नाही म्हणून सांगा. दुसरीकडे बसू. आष्टीकडे, कडा गावाच्या बाजूला तलाव आहेत की."

"तिथं जाऊन यायला दिवस जातो. मला दिवस घालवायचा न्हाई गं, भरायचा हाय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या दगडावर मी बसते तेव्हा मला वाटतं की शाळेची घंटा व्हायची हाय अजून."

वैशाखात पाणी खाली गेलं तेव्हा एका पहाटे आम्ही बंधाऱ्यावर पोचलो. उजाडत होतं. किसनबप्पा दोन भोयांना घेऊन आला होता. त्यांच्यामागून ही बातमी कळलेले आठ-दहा गावकरी. आपांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि मागे, उंच गवतात, ओळीने खाली बसवलं. बप्पाचा फोन वाजला. अभंगाची धून होती, चांगली मोठ्याने. आपांनी न बोलता हात पुढे केला. ठेकेदाराने न बोलता फोन त्यांच्या हातात ठेवला. तो त्यांनी माझ्याकडे दिला आणि मी तो माझ्या चादरीत गुंडाळून त्यावर बसले.

चारा टाकला. आमिष लावलं. मोरपिसाची काडी पाण्यावर उभी राहिली.

सूर्य वर आला तरी ती हलली नाही. मग एक हातभर लांबीचा मासा लागला. आपांनी तो सहज काढला आणि सोडून दिला. "ह्यो मोठा न्हाई," बप्पा कुजबुजला. "मला मोजता येतं," आपा म्हणाल्या. गवतातल्या मंडळींच्या पायांना मुंग्या यायला लागल्या होत्या. एक जण हळूच उठून बिडी ओढायला गेला.

तेवढ्यात काडी आडवी झाली. बुडाली नाही, आडवी झाली, आणि पाण्यावरून अलगद दगडांकडे सरकू लागली. आपा थांबल्या. त्या एवढ्या थांबल्या की मला वाटलं त्यांना दिसलंच नाही. मग झटका न देता त्या काठीसकट मागे रेलल्या, आणि पाणी फुटलं.

रोहूची पाठ मी तेव्हा क्षणभर पाहिली. लालसर, तांब्याच्या घागरीसारखी. काठी कमानीसारखी वाकली. आपांनी फिरकीवर तळहात दाबून धरला, काठी आडवी पाण्यालगत नेली, आणि अनवाणी पावलांनी एकेक पाऊल मागे घ्यायला लागल्या. सत्तरीला टेकलेली बाई, चिखलात पाय रोवून. मासा डोकं फिरवायचा, त्या परत वळवायच्या. जवळजवळ उघड्या पाण्यात आलाच होता. आणि तेवढ्यात त्याने शेपटाचा एक फटका मारला, वळला, आणि बंधाऱ्याच्या फुटक्या टोकामागे गडप झाला.

दोरा थांबला. ताठ. पाण्यातून सरळ दगडाखाली गेलेला. आपा खेचत होत्या आणि पलीकडून काहीच हलत नव्हतं. दोऱ्यातून बारीक गुणगुण ऐकू येत होती.

"आपाबाई, ढील द्या!" गवतातून बप्पा ओरडला.

"चुप! ढील पतंगाला देतेत."

"तुटंल की वो!"

"माझा तुटत न्हाई!"

पण काठी मुठीपासून वाकत चालली होती. माझ्या जागेवरून मला दिसत होतं. त्या सोडणार नव्हत्या. त्यांनी कधीच सोडलं नव्हतं.

किसनबप्पा गवतातून उठून वाकत वाकत त्यांच्याजवळ गेला. त्याला खरं तर दोरा तुटायलाच हवा होता. तरी तो गेला, आणि हलक्या आवाजात बोलला. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

"बाई, सहामाहीच्या पेपराला मी खेळाच्या सामानाच्या खोलीत कडी घालून बसलो होतो, ध्यानात हाय का?"

"आत्ता ते काहून काढतोस?"

"तुमी दार वाजिवलं, धमक्या दिल्या, छडी दाराच्या फटीतून आत घातली. मी आलो का भाईर?"

आपांनी फिरकी दाबूनच धरली होती.

"तुमी निघून गेलात, मंग आलो."

दोरा गुणगुणत होता. आपांनी एकदा किसनकडे पाहिलं. मग पाण्याकडे. मग त्यांनी फिरकीवरचा तळहात उचलला, दगडावर बसून काठी मांडीवर आडवी ठेवली. दोरा सैल पडून पाण्यावर लोळायला लागला. गवतात कुणीतरी चुकचुकलं.

आम्ही बसून राहिलो. बप्पा आपांच्या पायाशी, चिखलात, धोतर खराब होतंय याची पर्वा न करता. एक खंड्या येऊन पलीकडच्या दगडावर बसला, कंटाळून उडाला. मला वाटलं संपलं सगळं. आपांचे ओठ हलत होते. त्या दुआ म्हणत होत्या की पाढे, मला सांगता येणार नाही.

मग पाण्यावर लोळणारा दोरा सरळ होऊ लागला. कुणी ओढत नव्हतं. तो आपणहून सरकत होता, दगडांकडून बाहेर, उघड्या पाण्याकडे. मासा घरातून निघाला होता.

आपा उठल्या. मासा दगडांपासून पुरता लांब जाईपर्यंत त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. मग फिरकी धरली, आणि मग जे झालं ते नुसतं दमवणं होतं. उघड्या पाण्यात तो पळाला तेव्हा त्यांनी पळू दिलं, थकला तेव्हा गुंडाळलं. हातजाळी घेऊन पाण्यात उतरला तो खुद्द बप्पा. तो शेपटाकडून जाळी घालायला गेला, तशा आपा कडाडल्या, "डोक्याकडून, हौल्या! शेपटाकडून घातली तर तो पुढं पळंल, का मागं?" त्याने मुकाट्याने डोक्याकडून घातली.

मासा काठावर आला. माझ्या मांडीएवढा जाड. बप्पाने आधी तोंडातला गळ काढला आणि दोऱ्याचा शेवटचा जाड तुकडा बोटांमधून सरकवत उन्हात धरला. तो जुन्या सुतळीसारखा पिंजला होता. पण अखंड होता.

"न्हाई तुटला," तो म्हणाला.

"मी सांगितलंच होतं."

"ढील मी सांगितली."

"डोकं वर मी घेतलं. आधी ते, मग ढील. उलटं केलं असतं तर? सांग, उलटं केलं असतं तर काय झालं असतं?"

बप्पा उभा राहिला, चिखलाचं धोतर, गळ्यात माळ, आणि वर्गात उभं केल्यासारखा म्हणाला, "तुटला असता, बाई."

दुपारी गफूरच्या गाड्यावर वजन झालं. त्या दिवशी आपल्या दारात टरबुजं लावली गेली, आणि तेवढीच बप्पाच्या दारात, कारण माळकऱ्याच्या घरीही मासा चालत नाही. आजोबांनी टरबुजांवर हात फिरवला आणि म्हणाले, "हा मासा नव्हे, हा तर हत्ती."

बंधारा आपांचा झाला. पण बप्पाची तक्रार खरी होती, हे त्यांनी मान्य केलं. इतरांचे दोरे तुटत होते. म्हणून त्यांनी स्वतःच नियम काढला. ज्याला बंधाऱ्यावर गळ टाकायचा असेल त्याने आधी परीक्षा द्यायची. आपांसमोर जाड तुकड्याची गाठ मारायची, ती त्या दोन्ही हातांनी ओढून बघणार. गळ नखावर टेकवून दाखवायचा. आणि एक तोंडी प्रश्न: मासा दगडात गेला तर काय करशील? उत्तर चुकलं तर पुढच्या आठवड्यात या. एका तलाठ्याला त्यांनी तीनदा परत पाठवलं. तो म्हणाला, मी सरकारी माणूस आहे. आपा म्हणाल्या, गाठीला ते कळत न्हाई.

तोंडी प्रश्नाचं बरोबर उत्तर काय, ते ईशान, तुला आता कळलं असेल. त्यांच्या उत्तराचे दोन भाग होते, आणि पहिला भाग न सांगता कुणी नुसतं 'ढील' म्हटलं तर ते नापास.

पुढे गुडघे गेले. काठी पेलवेना. तरी त्या तळ्यावर जात. बप्पा त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची पाठवायचा, बाभळीखाली ठेवायला. मी तेव्हा बीडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे खेपा घालत होते. अशाच एका सकाळी माझी एसटी तळ्याच्या बांधावरून चालली होती. खिडकीतून मला बंधारा दिसला, खुर्ची दिसली, खुर्चीत काळ्या बुरख्यातली पाठमोरी आकृती दिसली. त्यांच्यासमोर एक धिप्पाड माणूस मान खाली घालून उभा होता, हातात दोरा. आपांनी दोन्ही हातांनी तो दोरा जोरात खेचला. गाठ सुटली असावी, कारण त्या माणसाने कपाळावर हात मारून घेतला. आपांचे खांदे हलत होते. हसत होत्या. मी खिडकीतून हाक मारणार होते. पण पाणी उथळ होतं, म्हणून नाही मारली. बस वळली. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. त्या महिन्यात मुलगी येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेली आणि तिथेच त्या झोपेत गेल्या.

बप्पाचा ठेका संपला. नवीन ठेकेदार दुसऱ्या तालुक्यातला आहे. त्याने आपांना पाहिलेलंही नाही. बंधाऱ्यावर गळ टाकायला तो कुणालाही मनाई करत नाही, फक्त आधी किसनबप्पाकडे पाठवतो. बप्पा बाभळीखाली बसून गाठ ओढून बघतो आणि प्रश्न विचारतो. परीक्षा अजून होते.

तुमची,
आजी